बिश आणि फोलिशाँ

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचें चरित्र आमच्या पिढीनें कॉलेजांत लढायांच्या क्रमानें पाठ केलें. मॉलविट्झ, सोर, रोसबाख, लॉइटेन, होखकिर्ख ही नांवांची साखळी मला अजूनही अर्धवट झोपेंत म्हणून दाखवितां येईल. आणि गेलीं कित्येक वर्षें तीच मी विद्यार्थ्यांच्या गळ्यांत बांधीत आलों आहें. परंतु 1752 च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस या राजानें आपल्या वडील बहिणीस जें एक पत्र लिहिलें, त्याचा उल्लेख मीं वर्गांत कधीं केला नाहीं. परीक्षेंत त्यावर प्रश्न येत नाहीं, हें एक कारण. दुसरें असें कीं, एक कुत्री मेल्याची बातमी देणारें पत्र इतिहास म्हणून शिकवावें कसें, हें मला उमगलें नव्हतें. यंदांच्या पावसाळ्यांत तें पत्र मला पुन्हा वाचावें लागलें. त्याचें निमित्त अगदीं घरगुती आहे. पण तें सांगितल्यावांचून पुढच्या मजकुराचा धागा लागणार नाहीं, म्हणून वाचकांची क्षमा मागून प्रथम तेंच सांगतों.

माझी वडील बहीण सातारा येथें राहते. तिला आम्ही अक्का म्हणतों. आमची आई वारली त्यास सहा वर्षें झालीं. तिच्या पश्चात् वांईच्या घराच्या वाटणीवरून आम्हां बहीणभावांत जीं बोलणीं झालीं तीं येथें लिहिण्याजोगीं नाहींत. चूक कोणाची, याविषयीं आमचीं मतें अद्यापि भिन्न आहेत. घर विकलें गेलें, पैसे वांटले गेले, आणि आईचा कुत्रा मोत्या तेवढा वाटणीवांचून अक्काकडे गेला. त्यानंतर महिन्यांतून एकदां मी तिला टेलिफोन करीं. "मोत्या कसा आहे?" "जेवतो बरा." "आणि पाय?" "पाय तसाच." यापुढें संभाषण सहसा जात नसे. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेची बातमीसुद्धां अक्काला कळली ती अशीच, मोत्याच्या कानाच्या औषधाची चौकशी चालली असतां मध्येंच. श्रावणांत एके रात्रीं तिचाच टेलिफोन आला. ती म्हणाली, "मोत्यानं अन्न सोडलं. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं गेली. येतोस का?" तें शेवटचें वाक्य मीं सहा वर्षांत ऐकलें नव्हतें. सकाळच्या गाडीनें मी निघालों, आणि निघतांना कपाटांतून फ्रेडरिकच्या पत्रव्यवहाराचा एक खंड पिशवींत टाकला. प्रवासांत वाचावयास कांहीं हवें, एवढाच तेव्हां हेतु होता, असें मी स्वतःस सांगितलें.

आतां मूळ विषयाकडे वळतों.

फ्रेडरिकची ही बहीण म्हणजे विल्हेल्मिना. तिचा जन्म 1709 चा, त्याचा 1712 चा. बाप पहिला फ्रेडरिक विल्यम. राज्याचा हिशेब चोख ठेवणारा, सैन्य वाढविणारा, आणि घरांत छडीशिवाय न बोलणारा. मुलाची बांसरी, मुलाचीं फ्रेंच पुस्तकें, मुलाचे कुरळे केस, यांपैकीं प्रत्येक गोष्ट त्याच्या डोळ्यांत सले. या घरांत दोन मुलांनीं एकमेकांशीं बोलण्याची एक चोरटी तऱ्हा शोधून काढली. फ्रेडरिक आपल्या बांसरीस राजकन्या म्हणे, आणि विल्हेल्मिना जें तंतुवाद्य वाजवी त्यास राजपुत्र. राजकन्येची प्रकृति कशी आहे, राजपुत्र रुसला आहे काय, अशा भाषेंत मनांतलें सांगावयाचें. ही लहानशी गोष्ट चरित्रकार गंमत म्हणून सांगतात आणि पुढें जातात. माझ्या मतें या दोघांच्या सबंध आयुष्याची किल्ली तींत आहे. जें सरळ सांगतां येत नाहीं तें तिसऱ्या कोणाच्या तोंडीं घालावयाचें, ही संवय त्यांना बालपणींच लागली.

1730 साली फ्रेडरिकनें पळून जाण्याचा बेत केला आणि तो फसला. त्याचा सोबती काट्टे याचा शिरच्छेद त्या वर्षीं 6 नोव्हेंबर रोजीं क्युस्ट्रिनच्या किल्ल्यांत झाला, आणि तो त्या अठरा वर्षांच्या राजपुत्रास खिडकींतून पाहावयास लावला गेला. त्याआधीं, पळण्याचा बेत फसल्यावर, बापाचा हात पडला तो विल्हेल्मिनेच्या तोंडावर. हें तिनेंच आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. पुढच्या वर्षीं तिनें बायरॉइटच्या युवराजाशीं लग्न करण्यास मान्यता दिली. इंग्लंडच्या गादीचीं स्वप्नें पाहिलेल्या आईस तें स्थळ अगदींच हलकें वाटलें, पण भावावरील राग त्यामुळें कांहींसा निवळेल अशी आशा मुलीस होती. बहिणीचें लग्न ही भावाच्या सुटकेच्या किंमतींतली एक रक्कम होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. अशी रक्कम घेणाऱ्याच्याही मनांतून जात नाहीं आणि देणाऱ्याच्याही जात नाहीं. मात्र दोघेंही तिचा उच्चार करीत नाहींत.

1740 मध्यें फ्रेडरिक राजा झाला, आणि चारच वर्षांनीं भावंडांत बिनसलें. कारणें ऐकलीं तर क्षुद्र वाटतील. विल्हेल्मिनेनें आपल्या एका प्रशियन सखीचें लग्न, भावास दिलेला शब्द मोडून, ऑस्ट्रियाच्या एका सरदाराशीं लावून दिलें. तिच्या मुलखांतील एर्लांगेन गांवचा एक वृत्तपत्रकार फ्रेडरिकविरुद्ध लिहीत असे, त्याला तिनें आवरलें नाहीं. आणि 1745 मध्यें, भाऊ ज्या मरिया थेरेसेशीं लढत होता, तिचीच ती मोठ्या आदरानें भेट घेऊन आली. राजकारणांत याला दगा म्हणतात. परंतु मागें ती सखी याच विल्हेल्मिनेच्या नवऱ्याच्या प्रेमांत गुंतलेली होती, आणि तिला परदेशीं उजवून दूर करणें एवढाच त्या बिचारीपुढें मार्ग होता, हें भावास कोण सांगणार? बहिणीनें सांगितलें नाहीं. भावानें विचारलें नाहीं. पत्रें चालूं राहिलीं; पण त्यांची भाषा वकिलांच्या भाषेसारखी झाली.

सलोखा झाला तो हळूहळू. आणि झाल्यावर जो पत्रव्यवहार रंगला त्यांतील एक प्रकरण, इतिहासकारांनीं गंभीरपणें पाहावें असें मला वाटतें. बिश ही फ्रेडरिकची कुत्री; लहान जातीची, सडपातळ इटालियन ग्रेहाउंड. फ्रेंच भाषेंत बिश म्हणजे हरिणी. फोलिशाँ हा विल्हेल्मिनेचा कुत्रा. 1748 साली या फोलिशाँनें बिशला पत्र लिहिलें, आणि बिशनें त्यास उत्तर दिलें. अक्षर अर्थातच धन्यांचें. त्यांत प्रेमयाचना आहे, ऐट आहे, आणि आपल्या बुद्धीचा बडेजाव मिरविणाऱ्या मनुष्यजातीची मनसोक्त थट्टा आहे. त्या काळीं ही थट्टा निव्वळ खेळ नव्हती. जनावर म्हणजे किल्ली दिलेलें यंत्र, असें डेकार्तचे अनुयायी शंभर वर्षें सांगत आले होते. आणि त्याच 1748 साली फ्रेडरिकनें ज्याला आश्रय दिला त्या ला मेत्रीनें तर माणूसही यंत्रच, असा ग्रंथ लिहिला होता. अशा दरबारांतून एक कुत्री तत्त्वज्ञान सांगते, यांतली मौज वाचकांच्या ध्यानीं येईलच. मला मात्र त्या पत्रांत निराळेंच कांहीं ऐकूं येतें. चार वर्षें जीं भावंडें एकमेकांस "आपली प्रकृति ठीक असेल" एवढेंच लिहीत होतीं, तीं पुन्हा लहान झालीं आहेत. बांसरी आणि तंतुवाद्य यांच्या जागीं दोन कुत्रीं आलीं आहेत.

बिशविषयीं आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 1745 च्या 30 सप्टेंबरला सोरची लढाई चालली असतां ऑस्ट्रियाच्या हुसार स्वारांनीं प्रशियन छावणी लुटली. राजाचा तंबू, बांसऱ्या, तपकिरीच्या डब्या आणि बिश असें सर्व गेलें. लढाई फ्रेडरिकनें जिंकली, आणि पुढें शत्रूनें बिश परत पाठविली. तिला आणून राजाच्या खोलींत गुपचूप सोडणारा होता त्याचा मित्र रोटेनबुर्ग. ती लिहिण्याच्या मेजावर चढली आणि तिनें पुढचे दोन्ही पाय राजाच्या गळ्यांत टाकले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेवर मी भर देत नाहीं. पण मुळांत बिश ही फ्रेडरिकला रोटेनबुर्गनेंच दिलेली भेट होती, आणि हा रोटेनबुर्ग 1751 च्या डिसेंबरांत वारला, या दोन गोष्टी पुढच्या पत्रासाठीं लक्षांत ठेवावयाच्या आहेत.

1752 चा डिसेंबर हा फ्रेडरिकला एकंदरींत वाईटच गेला. व्हॉल्तेर त्याच्या पदरीं होता. त्याचें आणि बर्लिनच्या विद्वत्सभेच्या अध्यक्षाचें भांडण विकोपास गेलें, आणि 24 डिसेंबर रोजीं व्हॉल्तेरनें अध्यक्षावर लिहिलेलें उपहासात्मक चोपडें राजाज्ञेनें बर्लिनच्या चौकाचौकांत जाळण्यांत आलें. ज्या राजानें तत्त्वज्ञांचा मेळा जमविला त्याच्याच हुकुमानें ही होळी पेटली. तिची राख निवते न निवते तोंच बिश मेली.

बहिणीस लिहिलेल्या पत्रांत राजा जें म्हणतो त्याचा आशय असा: घरांत एक दुःख झालें आणि माझें सारें तत्त्वज्ञान कोलमडलें. तिच्या जाण्यानें गेलेल्या सगळ्या मित्रांचीं मरणें पुन्हा जागीं झालीं, विशेषतः ज्यानें ती मला दिली त्याचें. एका कुत्रीनें मनाची अशी दशा करावी याची मला लाज वाटली. परंतु माझें एकाकी जिणें, त्या मुक्या जीवाची निष्ठा आणि शेवटचे तिचे हाल, यांनीं मला हलविलें. माणसानें कठोर असलेंच पाहिजे काय? इमानी जनावराविषयीं जो बेफिकीर राहूं शकतो, तो आपल्या बरोबरीच्या माणसाशींही कृतज्ञ राहणार नाहीं. आणि निवडावेंच लागलें तर फार कठोर होण्यापेक्षां फार हळवें होणें बरें.

ज्यानें सायलेशिया घेतांना पापणी हालविली नाहीं त्याचें हें लिहिणें. यावर दोन तऱ्हांनीं हसतां येतें, आणि दोन्ही तऱ्हांनीं हसलेले लेखक मीं वाचले आहेत. एक म्हणतो, पाहा, लोहपुरुष आंतून किती मृदु होता! दुसरा म्हणतो, पाहा, हजारों शिपायांस मरणाच्या दारांत लोटणारा कुत्रीसाठीं रडतो! मला दोन्ही उथळ वाटतात. दोघेही पत्र कोणाविषयीं आहे तें पाहतात. तें कोणास आहे, तें पाहत नाहींत. लाज वाटली, असें राजा कबूल करतो तें फोलिशाँच्या धनिणीपाशीं. काट्टेच्या मरणावर या दोघांस कधीं मोकळेपणीं बोलतां आलें असेल असें मला वाटत नाहीं. मरिया थेरेसेच्या भेटीवर तीं जें बोललीं तें बोलणें नव्हे, तक्रार होती. पण बिशच्या मरणावर बोलतां आलें.

हें मीं साताऱ्यास अक्काच्या पडवींत वाचलें. मोत्या पोत्यावर पडला होता. पाण्याची वाटी तोंडाशीं नेली कीं जीभ एकदां लागे, पुन्हा मान खालीं. पशुवैद्य तरुण आणि सुस्वभावी होते. ते म्हणाले, "एक-दोन दिवस काढील. हाल वाढले तर इंजेक्शन देऊन सोडवतां येईल. दोघं ठरवा आणि सांगा." घराच्या प्रकरणानंतर आम्हां दोघांस मिळून ठरवावयाची ही पहिलीच गोष्ट होती. त्या दिवशीं आम्हीं कांहींच ठरविलें नाहीं. रात्रभर आळीपाळीनें बसलों. अक्काची पाळी असे तेव्हां मी झोपत नसें, आणि माझी असे तेव्हां ती. मग आळी संपली आणि दोघेंही बसलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारच्या मुलीस मोत्यापाशीं बसवून अक्का मला म्हणाली, "चल, माहुलीला जाऊन येऊं." कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू छत्रपतींच्या कुत्र्याची समाधि आहे हें सर्वश्रुत आहे, मी मात्र ती पुष्कळ वर्षांनीं पाहिली. कुत्र्याचें नांव लोक खंड्या सांगतात. शिकारींत वाघ अंगावर आला असतां त्यानें महाराजांचा जीव वांचविला, आणि महाराजांनीं त्यास सनद आणि पालखी दिली, असें ग्रँट डफही लिहितो. एक सरदार भपकेबाज पोशाख करून दरबारीं येणार असें कळलें तेव्हां शाहूंनीं स्वतः साधीं वस्त्रें घातलीं आणि जरी, जवाहीर व आपली पगडी कुत्र्यास चढविली, हीही गोष्ट त्याचीच. फोलिशाँ-बिशचीं पत्रें झालीं त्या 1748 साली शाहू महाराज हयात होते. ते वारले 1749 च्या डिसेंबरांत. दोन दरबारांस एकमेकांची वार्ताही नव्हती, आणि दोन्हीकडे माणसाचा तोरा उतरविण्याचें काम कुत्र्याकडे आलें होतें. हें मी मोठ्या उत्साहानें अक्काला सांगूं लागलों.

ती पाण्याकडे पाहत होती. नदीला गढूळ लोंढा होता. ती म्हणाली, "तुझा तो धर्मराज बघ. भावंडं एकेक करून वाटेत पडली, तेव्हां ह्यानं मागं वळून पाहिलं नाही. वर भीमाला प्रत्येकाचा दोष सांगत गेला. आणि कुत्र्यासाठीं मात्र स्वर्गाच्या दारात अडून बसला."

मी पन्नाशी उलटलेला अध्यापक. महाप्रस्थानिक पर्वावर मीं व्याख्यान दिलेलें आहे. कुत्रा म्हणजे धर्म, ती परीक्षा होती, इत्यादि इत्यादि मला ठाऊक होतें. मीं त्यांतलें कांहीं सांगितलें नाहीं. थोड्या वेळानें म्हणालों, "मीही तुझे दोष पुष्कळांना सांगितले." ती म्हणाली, "माहीत आहे मला." मग आम्ही रिक्षा करून घरीं आलों.

दुपारीं मोत्याला झटके येऊं लागले. आम्हीं डॉक्टरांस बोलावलें. कोणी आधीं म्हटलें तें आतां आठवत नाहीं. अक्कानें त्याचें डोकें मांडीवर घेतलें, मीं मागचे पाय धरले. अर्ध्या मिनिटाचें काम. परसांत जांभळीखालीं खड्डा खणण्यास गड्यापेक्षां मलाच जास्त वेळ लागला, कारण मला खणतां येत नाहीं आणि त्याला हातही लावूं दिला नाहीं. पाऊस भुरभुरत होता. माती ओढून झाल्यावर अक्का हात धुतां धुतां म्हणाली, "आतां रे फोन कशाच्या निमित्तानं करशील?"

विल्हेल्मिना आणि फ्रेडरिक यांना पुढें फार काळ लाभला नाहीं. 1753 मध्यें ती बर्लिनला आली; 1754 च्या उन्हाळ्यांत तो बायरॉइटला गेला. तीच भेट अखेरची. त्यानंतर ती इटलीच्या प्रवासास निघाली आणि 1755 मध्यें नेपल्सजवळच्या व्हर्जिलच्या समाधीवरून खुडलेली लॉरेलची डहाळी तिनें भावास पाठविली. बायरॉइटबाहेरच्या तिच्या एर्मिटाझ बागेंत प्राचीन अवशेषांच्या घाटाची एक समाधि आहे, ती फोलिशाँची म्हणून दाखवितात. सप्तवार्षिक युद्ध सुरू झाल्यावर ती अंथरुणास खिळली. 1758 च्या 14 ऑक्टोबरला पहांटेच्या अंधारांत ऑस्ट्रियन सैन्यानें होखकिर्ख येथें फ्रेडरिकवर छापा घातला. नऊ हजारांहून अधिक माणसें त्यानें त्या दिवशीं गमावलीं. त्याच दिवशीं बायरॉइटला विल्हेल्मिना वारली. वर्गांत मी पहिली गोष्ट सांगतों, दुसरी सांगत नाहीं. बातमी पोंचल्यावर ज्या व्हॉल्तेरचें चोपडें जाळलें होतें त्यालाच फ्रेडरिकनें तिच्यावर शोककाव्य मागितलें, आणि त्यानें तें लिहून दिलें. दहा वर्षांनीं साँसूसीच्या बागेंत राजानें तिच्या नांवानें मैत्रीचें मंदिर बांधावयास घेतलें. त्यांत ती हातांत पुस्तक घेऊन बसली आहे. आणि त्या मूर्तीच्या मांडीशीं एक लहानसा कुत्रा आहे.

स्वतः फ्रेडरिकची इच्छा साँसूसीच्या गच्चीवर, आपल्या कुत्र्यांशेजारीं, रात्रीच्या वेळीं, गाजावाजा न करितां पुरलें जावें अशी होती. त्यासाठीं त्यानें 1744 मध्येंच तेथें तळघर बांधवून ठेविलें होतें. 1786 च्या 17 ऑगस्टला तो वारला तेव्हां पुतण्यास ही कल्पना राजास अशोभनीय वाटली, आणि त्यानें त्यास पॉट्सडामच्या लष्करी देवळांत पुरलें, तेंही ज्या बापापासून तो पळूं पाहत होता त्याच्या शेजारीं. दुसऱ्या महायुद्धांत शवपेटी तेथून हालली. मिठाच्या खाणींतून मारबुर्गला, तेथून होहेनत्सोलर्नच्या किल्ल्यावर, असा तिचा प्रवास झाला. 1991 च्या 17 ऑगस्टला, बरोबर दोनशें पांच वर्षांनीं, ती साँसूसीच्या गच्चीवर त्याच्या कुत्र्यांच्या 11 शिळांपाशीं आली. लोक त्या साध्या शिळेवर बटाटे ठेवून जातात, कारण प्रशियन शेतकऱ्यांस त्यानें तें पीक लावावयास लाविलें अशी त्याची कीर्ति आहे. विल्हेल्मिना बायरॉइटच्या राजवाड्यालगतच्या देवळांत आहे. मध्यें सारा सॅक्सनी पडतो.

मोत्याचा पट्टा मीं निघतांना पिशवींत घातला होता. घरीं आल्यावर पाहतों तों तो नव्हता. अक्कानें काढून घेतला असावा. काल तिला पत्र टाकलें आहे, आणि तो पट्टा तिच्याकडे आहे काय, असल्यास त्याचें पितळेचें कडें सैल झालें होतें तें नीट करून घेतलें काय, असें विचारलें आहे.